यीस्टचं जिनोम सिक्वेन्सिंग: अक्षरं चोख, प्रतींचा हिशेब गायब

उपनगरातल्या या खासगी सिक्वेन्सिंग सेवेचं नाव इथे मुद्दामच दिलेलं नाही, कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत. डीएनए वाचण्यात मात्र खोट काढायला जागा नाही. यीस्टचा जिनोम सुमारे १.२ कोटी अक्षरांचा. एका क्लोनला (एकाच पेशीपासून वाढलेल्या यीस्टला) ५० पट वाचन पुरतं, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ५० वेळा वाचलं जाणं; त्यासाठी लागतात १५० अक्षरी वाचनांच्या २० लाख जोड्या. सगळ्यात छोट्या पॅकेजात १०० कोटी अक्षरं मिळतात, त्यामुळे क्लोनसाठी ते भरपूर झालं. मिश्र कल्चर (वेगवेगळ्या बदलांच्या पेशी एकत्र) असेल तर मोठं पॅकेज घ्यावं.

घोळ आहे तो अहवालात. डीएनएची प्रत काढणारं यंत्र बिघडलेलं यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या वाढवलं की सावरतं, पण ते एखादं अक्षर बदलूनच असं नाही. कितीदा ते एखाद्या जनुकाच्या प्रती वाढवतं, कधी अख्खं गुणसूत्रच जास्तीचं ठेवतं. मार्को फुमासोनी आणि अँड्र्यू मरे यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेलं काम बघा. हेलिकेज (डीएनएचे धागे उलगडणारं) आणि पॉलिमरेज अल्फा (नव्या धाग्याची सुरुवात करणारं) यांना जोडणारं सीटीएफ४ हे प्रथिन काढून टाकलेलं यीस्ट त्यांनी १००० पिढ्या वाढवलं. डीएनए बिघडला की पेशीला थांबवणारी रॅड९ची तपासणी बंद पडणं, हेलिकेजच्या एसएलडी५ या घटकात बदल होणं, हे अक्षरांत दिसतं. पण कोहेसिन (डीएनएच्या दोन प्रती एकत्र धरणारी कडी) चढवणाऱ्या एससीसी२ या जनुकाच्या प्रती वाढल्या होत्या, आणि या सेवेच्या तक्त्यात नेमकी तीच गोष्ट येणार नाही. तक्त्यात फक्त अक्षरबदल असतात. म्हणून फास्टक्यू (कच्ची वाचनं) आणि बॅम (संदर्भ जिनोमवर बसवलेली वाचनं) फाइली मागूनच घ्या आणि १००० अक्षरांच्या खिडक्यांत वाचनांची खोली, म्हणजे प्रत्येक जागा किती वेळा वाचली गेली ते, मोजा. एकपट (हॅप्लॉइड, गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) यीस्टमध्ये ५०ची खोली एखाद्या पट्ट्यात १०० झाली, तर तिथे दुसरी प्रत आहे.

दुसरी कटकट प्लॉइडीची, म्हणजे गुणसूत्रांचे संच किती याची. प्रणाली माणसासाठी बसवलेली, म्हणून सगळं द्विगुणित (दोन संचांचं) धरते आणि एकपट यीस्टमध्येही अर्धे-अर्धे, म्हणजे दोनपैकी एकाच प्रतीत असलेले, बदल दाखवते. फॉर्मवर 'हॅप्लॉइड' लिहून भागत नाही, वेगळी मेल करावी लागते. तुलनेचा संदर्भ म्हणून एस२८८सी या प्रयोगशाळेतल्या वाणाचा जिनोम वापरतात. तुमचं यीस्ट डब्ल्यू३०३ या दुसऱ्या वाणाचं असेल तर हजारो खोटे 'बदल' पदरात पडतील. मूळ पूर्वज (ज्या यीस्टपासून प्रयोग सुरू केला ते) त्याच फेरीत द्या आणि त्याचे बदल वजा करा. त्या एका नमुन्याचे पैसे वाचवणं म्हणजे शुद्ध कंजुषी.

डीएनए काढून देण्याची सोयही आहे, पण ती घेऊ नका. ते जिवाणूंचं किट वापरतात, आणि झायमोलेज या भिंत विरघळवणाऱ्या एन्झाइमशिवाय किंवा मण्यांनी घुसळल्याशिवाय यीस्टची भिंत नीट फुटत नाही. आपल्याच प्रयोगशाळेत काढा, आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) द्या, डीएनए तेवढाच मोजणाऱ्या क्युबिट यंत्रावर मोजा; नॅनोड्रॉप यंत्राचा आकडा उरलेल्या आरएनएमुळे फुगतो. ट्रिस या बफरमधला डीएनए पावसात लोकल बंद पडून दोन दिवस अडकला तरी बिघडत नाही.

जिवंत प्लेट मात्र चुकूनही पाठवू नये. २५ अंशांवर जगणारा, पॉलिमरेज डेल्टा या प्रत काढणाऱ्या एन्झाइमचा उष्णता-संवेदी म्युटंट मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत ठेवला, की निवड तिथेच सुरू होते. पोचतात त्या सावरलेल्या वसाहती, आणि तुमचा 'पूर्वज' म्हणून त्याच वाचल्या जातात.

बारावं गुणसूत्रही सांभाळून वाचा. तिथे आरडीएनएच्या (रायबोसोमचा आरएनए बनवणाऱ्या जनुकांच्या) साधारण १५० प्रती असतात, आणि ओरिजिनवर, म्हणजे प्रत काढणं सुरू होतं त्या जागांवर, बसणाऱ्या ओआरसी या प्रथिनसमूहात दोष असला तर त्या घटतात. अहवालात हा भाग 'पुनरावृत्ती' म्हणून गाळतात. पूर्वजाच्या तुलनेत तिथली खोली किती, ते स्वतः काढा आणि मोठी गुणसूत्रं आकारानुसार वेगळी करणाऱ्या पल्स्ड-फील्ड जेलवर पडताळा.