सी९२एफ३ए-५ क्लोन: एचएसपी७० साठी भरवशाचा, पण पेशीच्या आतच

एचएसपी७० (ताणात पेशीला सांभाळणारे प्रथिन) ओळखणारी अँटीबॉडी घ्यायची म्हटली की यादी संपत नाही. तरी पहिली बाटली सी९२एफ३ए-५ याच क्लोनची (अँटीबॉडी बनवणाऱ्या एकाच पेशीच्या वंशाची) घ्यावी. उंदराची ही मोनोक्लोनल, म्हणजे एकाच जागेला धरणारी, आयजीजी१ या अँटीबॉडी-प्रकारची. तिची खरी किंमत एका गोष्टीत आहे: ताण आल्यावर वाढणारे एचएसपी७० ती ओळखते, पेशीत कायम असणाऱ्या एचएससी७० या जुळ्या प्रथिनाला धरत नाही. एक साधारण ७२ किलोडाल्टनचे, दुसरे ७३ चे. प्रथिने आकाराने वेगळी करणाऱ्या साध्या १० टक्के जेलवर दोघे एकाच जागी बसतात. बीबी७० क्लोन दोन्ही पकडतो. तो वापरला तर न तापवलेल्या, म्हणजे ताण न दिलेल्या, पेशींच्या लेनमध्येही (जेलच्या रांगेत) जाड बँड उमटतो आणि प्रयोग फसला असे वाटते.

वेस्टर्न ब्लॉटला (जेलवरची प्रथिने पडद्यावर उतरवून अँटीबॉडीने शोधणे) लेनमागे १५ ते २० मायक्रोग्रॅम प्रथिन, ५ टक्के दुधात ब्लॉकिंग (पडद्याची रिकामी जागा झाकणे) आणि १:१००० विरळ केलेली अँटीबॉडी रात्रभर ४ अंशांवर, एवढ्याने स्वच्छ बँड मिळतो. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे बँड नक्की दिसायलाच हवा असा नमुना, मात्र नीट करा. पेशी ४२-४३ अंशांच्या वॉटर बाथमध्ये १ तास, मग ३७ अंशांवर किमान ४ ते ६ तास. हा दुसरा टप्पा गाळला की बँड फिका येतो, कारण प्रथिन साठायला वेळच मिळालेला नसतो. दोष अँटीबॉडीवर जातो. हेला या कर्करोगाच्या पेशींत एचएसपी७० न तापवताही भरपूर असते, त्यामुळे तिथे फरक ठळक दिसत नाही.

फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजणे) पेशी फिक्स (रसायनाने स्थिर) आणि परमिएबिलाइज (आवरणाला छिद्रे) करून आतले एचएसपी७० मोजायला ही चांगली. पेशीच्या पृष्ठभागावरच्या एचएसपी७० साठी ही घेऊ नका, त्यासाठी सीएमएचएसपी७०.१ हा क्लोन आहे. तो जिवंत पेशींवर, फिक्स न करता, बर्फावर लावायचा. सोबत मेलेल्या पेशी दाखवणारा ७-एएडी रंग हवाच. मेलेल्या पेशीचे आवरण फाटलेले असते, आतले प्रथिन रंगते आणि 'पृष्ठभागावर एचएसपी७०' असा खोटा निष्कर्ष निघतो. एफसी ब्लॉक (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) आणि आयसोटाइप कंट्रोल (त्याच प्रकारची, पण लक्ष्य नसलेली अँटीबॉडी) हेही टाळू नका.

उंदराच्या प्लीहेच्या कापांवर सी९२एफ३ए-५ वापरणे त्रासाचे. उंदराच्या अँटीबॉडीला धरणारी सेकंडरी (खूण दाखवणारी दुसरी अँटीबॉडी) ऊतीतल्याच आयजीजीला चिकटते आणि सगळीकडे डाग पडतात. तिथे सशाची अँटीबॉडी बरी.

आणखी एक: बाटलीवर सोडियम अझाइड (जंतू वाढू न देणारे रसायन) लिहिले आहे का, बघा. ब्लॉटमध्ये विरळ झाल्यावर त्याचा त्रास नाही, पण एचआरपी हे एन्झाइम जोडलेल्या सेकंडरीच्या साठवणीत अझाइड घालू नका. ते एन्झाइम बंद पडते. जिवंत टी पेशींच्या कल्चरमध्ये टाकायची असेल तर अझाइड नसलेलीच मागवा.