छत्तीसशेचं रील, नऊ महिने आणि गेदर

जानेवारीत मासे गरवायच्या माझ्या रीलचा, म्हणजे रॉडवरच्या दोरी गुंडाळायच्या चरखीचा, अनुभव लिहायला बसलो होतो तेव्हा पहिलंच वाक्य लिहिलं होतं : 'हे रील घेऊ नका.' रागाच्या भरात पुढं काही सुचलं नाही, राहून गेलं. आता जून लागलाय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, होड्या वर ओढून शाकारून ठेवल्यात, रील उघडून टेबलावर मांडलंय, आणि ते वाक्य मी खोडतोय. सगळं मात्र खोडवत नाही.

गेल्या सप्टेंबरात घेतलेलं सामान असं : ७ फुटी स्पिनिंग रॉड २,७००, ५००० साइजचं रील ३,६००, पीई २ जाडीची वेणीची दोरी १,३५०, चाळीस पौंडी लीडर (गळाजवळचा जाड दोरा) ४००. एकूण ८,०५०. जिग (धातूची खोटी आमिषं) वेगळे, दीडशेपासून अडीचशेपर्यंत एकेक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीतली चार-पाच रीलं मी मित्रांकडं हाताळली आणि दुखणं सगळ्यांचं एकच निघालं.

हे सगळं गेदरसाठी, म्हणजे ट्यूनाच्या जातीच्या माशासाठी. रत्नागिरीच्या वर कुपा म्हणतात तोच. पाठीवर काळ्या नागमोडी रेघा आणि छातीच्या पराखाली ते काळे ठिपके. आमच्या देवगडला वीस-बावीस वाव (वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोल पाण्यात दोन-तीन किलोचा सर्रास भेटतो. कुरव पक्ष्यांचा थवा पाण्यावर पडायला लागला, खाली तारली उसळायला लागली, की समजायचं. लहानपणापासून मी तंगुसाने (नायलॉनच्या दोऱ्याने) गरवत आलोय. गेदर हाताच्या तंगुसावर ओढताना बोटं कापून घेतलीत, म्हणून रॉडवर खर्च करायचा ठरवला, पण दहा हजारांच्या आत.

रीलच्या खोक्यावर 'मॅक्स ड्रॅग १५ किलो' असं ठळक छापलेलं. ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक, मासा जोरात ओढायला लागला की दोरी ताणात सोडतो तो. नवीन माणूस याच आकड्यावर भुलतो, मीही भुललो. पीई २ ची माझी दोरी तीस पौंडांची, म्हणजे साडेतेरा किलो. ड्रॅग लावायचा तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर. म्हणजे साडेतीन-चार किलो बास. बॅगा वजन करायचा अडीचशे रुपयांचा डिजिटल काटा दोरीला अडकवून ओढा आणि दोरी सुटायला लागली की आकडा बघा, अंदाजाने लावू नका. पंधरा किलो ड्रॅग आवळला तर आधी दोरी जाईल, नाहीतर रॉड. चार किलोवर ड्रॅग अडकत-अडकत न सुटता एकसारखा सुटतो का, एवढंच दुकानात बघण्यासारखं आहे. माझा सुटतो. नऊ महिन्यांनंतरही सुटतो, आणि या किमतीत ही गोष्ट मला खरंच सुखावून गेली. गेदर थांबत नाही, त्याला श्वासासाठीच सतत पोहावं लागतं. पहिल्या धावेत पन्नास-साठ मीटर दोरी नेतो आणि होडीखाली आला की गोल-गोल फिरत खाली दाबतो. तिथं ड्रॅग अडखळला की संपलं.

मग डिसेंबरात काय झालं? लागोपाठ तीन फेऱ्यांत तीन गेदर दोरी तोडून गेले. तिसरा तर होडीच्या कडेला येऊन, रुपेरी पोट दिसल्यावर. मी आधी गाठीला दोष दिला, गाठ बदलली. मग दोरीला दोष दिला, १,३५० ची दोरी अर्धी कापून टाकली. मग ड्रॅगचे वॉशर काढून ग्रीस लावलं. चौथ्या फेरीला आमच्या तांडेलकाकांनी, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, रील हातात घेतलं. त्यांनी आयुष्यात रील वापरलेलं नाही. दोन मिनिटं हँडल फिरवून म्हणाले, "झिला, ह्यां चाक फिरणां नाय. दोरी थंयच घासता."

चाक म्हणजे लाइन रोलर. बेलच्या (रीलवरच्या तारेच्या कमानीच्या) टोकाशी शेंगदाण्याएवढी चकती असते, रीलकडं येणारी दोरी तिच्यावरून वळते. आतलं बेअरिंग मिठाने धरलं की चकती जाम. मग दोरी तिच्यावर एकाच जागी करवतीसारखी घासते आणि ताणात असतानाच तुटते. माझ्या चकतीवर नखाला लागेल एवढी खाच पडली होती. रील कितीही भारी असो, गिअर ६.२ ला १ असो, बेअरिंगं दहा असोत, ही एक चकती अडली तर मासा गेला. परीक्षाही सोपी : चकतीवर मार्करचा ठिपका द्या, दोरीला शेरभर वजन लावून रील फिरवा. ठिपका फिरला पाहिजे. दुकानदार हसला तरी करा.

आता ज्याने माझं डोकं फिरलं ते. खोक्यावर 'समुद्रासाठी' असं लिहिलेलं, बिल जपून ठेवलेलं, वॉरंटी एक वर्षाची. सर्व्हिस सेंटरला रील पाठवलं, कुरिअर १८० रुपये माझे. तेवीस दिवसांनी परत आलं, सोबत चिठ्ठी : खाऱ्या पाण्याने आलेला गंज वॉरंटीत बसत नाही. समुद्राचं म्हणून विकलेल्या वस्तूला खारं पाणी लागणार नाही तर काय लागणार? फोन केला, ईमेल केले, खोक्याचा फोटो पाठवला. उत्तर तेच. चकतीवर तेल तेवढं टाकून दिलं होतं. दुसऱ्या फेरीला पुन्हा जाम. वर्षभराचा हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यातले ऐन थंडीतले, सकाळी मतलई वाऱ्यावर निघायचे तेवीस दिवस त्यांनी माझे खाल्ले. ते पैशात मोजता येत नाहीत.

जानेवारीच्या शेवटी चकती स्वतः उघडली. एक स्क्रू, दोन वॉशर, आत ५×८×२.५ मिलिमीटरचं बेअरिंग, गंजून लाल झालेलं. हेच माप रिमोटच्या खेळण्यातल्या गाड्यांना लागतं. त्या सामानाच्या दुकानातून दहाचं पाकीट ३२० रुपयांना मागवलं. चकती पॉलिश पेपरने घासून खाच घालवली. पंधरा मिनिटांचं काम. त्यानंतर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत अकरा गेदर होडीत आले आणि दोरी एकदाही तुटली नाही.

म्हणून मत बदललं. रील घ्या, पण ते बेअरिंग काढून बदलता येतं का हे बघूनच घ्या. काही स्वस्त रीलांत चकतीखाली बेअरिंगच नसतं, नुसती प्लास्टिकची नळी. खरं सांगायचं तर ती मला आता जास्त आवडते, गंजायला काही नाहीच.

किनाऱ्यावर आल्यावर ड्रॅगची कळ आवळा म्हणजे पाणी आत शिरणार नाही, मग गोडं पाणी हळू ओता, नळाची धार मारू नका. पुसून झालं की कळ सैल सोडा, नाहीतर आतले फेल्टचे वॉशर दाबून बसतात. चकतीत तेलाचा एक थेंब, दर फेरीला. काका म्हणतात तेच खरं, "खारां पाणी कोणाक सोडणां नाय."

रॉडवर जास्त खर्च करू नका. २,७०० च्या रॉडने अजून काही त्रास दिलेला नाही. फक्त कड्यांतून कापसाचा बोळा फिरवून बघत जा. कापूस अडकला तर कड्याला चीर आहे आणि दोरी तिथंच फाटणार. मार्चमध्ये माझ्या टोकाच्या कड्यात अडकला, सत्तर रुपयांत नवं कडं बसवलं. दोरीत मात्र काटकसर नको. बर्फातही नको. गेदर रक्ताचा गरम, लगेच कल्ले कापून रक्त काढून बर्फात ठेवला नाही तर मांसात हिस्टामाइन तयार होतं, खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात, आणि शिजवूनही ते जात नाही.

पाकिटातली दोन बेअरिंगं वापरून झाली, आठ शिल्लक आहेत. तिसरं आज बसवतोय, पुढच्या हंगामासाठी. चकतीवर मार्करचा ठिपका देऊन ठेवलाय.