दादरचा बायोलॉजी क्लास: जेनेटिक्ससाठी जा, एसीची अपेक्षा ठेवू नका

मुलगी बारावीला, म्हणून दादर स्टेशनजवळच्या एका छोट्या क्लासच्या डेमोला गेलो, पालकांना मागे बसू देतात हे आवडलं. मॅडम शिकवतात एकदम भारी. डॉमिनंट जीन म्हणजे दादागिरी करणारा जीन असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतं ना, ते त्यांनी आधी काढलं. मेंडेल या शास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या वाटाण्यात गोल दाण्याचा जीन स्टार्चसाठी लागणारं एक एन्झाइम बनवतो, त्याच्या दोनपैकी एक कॉपी चांगली असली तरी काम भागतं म्हणून दाणा गोल, दुसऱ्या जीनला कोणी दाबत बिबत नाही. मग 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले हे त्याचे खरे आकडे देऊन रेशो पोरांकडूनच काढून घेतला, 2.96 आला, म्हणजे जवळपास तीनास एक. आणि डॉमिनंट म्हणजे कॉमन असं पण नाही हां, ओ ब्लड ग्रुप रिसेसिव्ह, म्हणजे दोन्ही कॉपी ओच्या असल्या तरच दिसणारा, तरी वर्गात ढीगभर ओवाले. एबीमध्ये तर ए आणि बी दोन्ही दिसतात, एकमेकांवर डॉमिनंट कोणीच नाही.

बाकी जागा फारच लहान, एसी नावालाच, छापील नोट्समध्ये चुका आहेत आणि फी एकदम भरायला लावतात, हप्त्याचं विचारलं तर ऑफिसवाले तोंड वाकडं करतात. तरी घातलं तिला.