टॉवेलचा माग आणि पाणीमहाल: सोलापूरहून एक दिवसाचा फेरा

सकाळी अक्कलकोट रोड एमआयडीसीतला चादर-टॉवेलचा कारखाना, मग हैदराबाद रस्त्यानं नळदुर्ग, तिथून तुळजापूर आणि परत सोलापूर. अंतर सगळं मिळून साधारण सव्वाशे किलोमीटर. बाहेरगावच्या पाहुण्यांना सिद्धेश्वराचं दर्शन झाल्यावर सोलापूर दाखवायचं तर यासारखा दुसरा दिवस नाही. मात्र कारखान्यात नुसत्या खरेदीच्या घाईनं जाल, तर अर्धी मजा गेली.

कारखान्याला तिकीट नसतं, गाईडही नसतो. आदल्या दिवशी फोन करून मालकाकडून वेळ घ्यायची आणि सुट्टीचा वारही तेव्हाच विचारायचा. बाहेर ‘फॅक्टरी सेल’ची पाटी आहे म्हणजे मागे माग आहेतच असं नाही, ‘चालू माग बघायला मिळेल का?’ असं स्पष्ट विचारावं. साडेनऊच्या सुमाराला पोचलात तर दीड तास पुरतो.

सगळ्यात जास्त वेळ टॉवेलच्या मागापाशी द्या. इथं ताण्याचे (उभ्या सुताचे) बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ, दोन असतात. एकाचं सूत घट्ट ताणलेलं, दुसऱ्याचं सैल. धागे रेटणारी फणी पहिले दोन बाणे (आडवे धागे) कापडापासून थोडं अंतर राखून सोडते. तिसरा बाणा पडला की तिन्ही एकदम रेटून कापडाला भिडवते. घट्ट सूत जागचं हलत नाही, सैल सूत मात्र पुढं ढकललं जातं आणि त्याचे फासे कापडावर उभे राहतात. पाणी टिपतात ते हेच. चालू मागावर हे डोळ्याला दिसत नाही, कारण मिनिटाला शंभरावर बाणे पडत असतात. जॉबरला, म्हणजे माग सांभाळणाऱ्या कारागिराला, विनंती करून माग थांबवा आणि चाक हातानं फिरवायला सांगा. चार-पाच बाण्यांत सगळं उलगडतं. असं दाखवणारा कारखाना मिळाला तर तो पैकीच्या पैकी गुणांचा.

चादरीच्या मागावर नजर वर ठेवा. जकार्डची, म्हणजे नक्षी विणवणाऱ्या यंत्राची, भोकं पाडलेली कार्डं साखळीसारखी फिरतात, एका बाण्याला एक कार्ड. एखादं फाटलं की नक्षीत त्याच जागी, दर फेरीला, तीच चूक उमटते. 

बाण्याचं सूत घेऊन मागात ये-जा करणाऱ्या धोट्याच्या रेषेत, म्हणजे मागाच्या बाजूला, उभं राहू नका. धोटा कधीकधी उडून बाहेर येतो. ओढणी खोचून घ्या. शेडमध्ये एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळं प्रश्न वार्पिंगच्या, म्हणजे ताणा तयार करण्याच्या, खोलीत विचारा. कामगार बरेचसे तेलुगू बोलणारे, पण मराठीत छान समजावून सांगतात. दम्याच्या माणसानं सुताच्या फुफाट्यात जाऊ नये.

आता खरेदी. जकार्ड चादरीत एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूला उलट दिसतो. मागची बाजू नुसती फिकी असेल तर ती छापील. ओला पांढरा रुमाल गडद रंगावर घासून पाहा, रंग लागला तर सोडून द्या. टॉवेल मऊपणावर घेऊ नका, वजनावर घ्या: ३० बाय ६० इंचाचा ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) टॉवेल सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. नवा टॉवेल पाणी टिपत नाही ही तक्रार नेहमीची. तो दोष विणीचा नसून वरून दिलेल्या सॉफ्टनरचा असतो. दोन धुण्यांत जातो, फक्त घरी पुन्हा सॉफ्टनर घालू नका.

नळदुर्ग तिथून तासाभरावर. इथल्या किल्ल्यातला पाणीमहाल म्हणजे बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला महाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ च्या सुमाराचा. नदीला भरपूर पाणी आलं की बंधाऱ्यावरून नर-मादी हे दोन धबधबे कोसळतात आणि आतल्या सज्जात माणूस कोरडा उभा राहून समोर पडणारा पडदा बघतो. पाण्याला वाट काढून देणारी ही करामत मागावरच्या करामतीइतकीच नीट निरखण्यासारखी. पण धबधबा फक्त पावसाळ्यात, तोही पाऊस चांगला झाला तर. शिवाय पाणी फार वाढलं की आत सोडत नाहीत. उन्हाळ्यात पाण्यासाठी जाणार असाल तर निराशा होईल. उपळी बुरूज मात्र बाराही महिने चढावा, वर लांबलचक तोफा आहेत. किल्ल्यात सावली कमी, म्हणून एप्रिल-मेमध्ये क्रम उलटा करा: किल्ला सकाळी, कारखाना दुपारी.

जेवण रस्त्यावरच्या ढाब्यात: कडक भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं. ठीक असतं, फार अपेक्षा नको. डिसेंबर-जानेवारीत हुरडा मिळाला तर मात्र ढाबा सोडा आणि शेतात बसा.

तुळजापूर नळदुर्गहून पस्तीसेक किलोमीटर. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळल्यात तर दर्शन लवकर होतं. कोजागरीला सोलापूरहून पायी जाणाऱ्या भाविकांमुळं वाहतूक वळवतात, त्या दिवशी हा फेरा आखूच नका. ऊसतोडीच्या हंगामात परतीला अंधार करू नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागे दिव्याशिवाय चालतात आणि अगदी जवळ गेल्यावरच दिसतात.