छताला तडा, आणि पायाच्या नावाने गेलेले 4,86,500

4,86,500 रुपये, पायाच्या नसलेल्या दुखण्यासाठी एका कंत्राटदाराला दिलेले. आकडा आधीच लिहून टाकते, कारण घरात तो कुणी मोठ्याने उच्चारत नाही.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत छताला दोन तडे दिसले. एक पंख्याच्या हुकापासून थेट स्विचबोर्डाच्या भिंतीपर्यंत, पट्टी लावून आखल्यासारखा सरळ. दुसरा स्लॅब आणि भिंत मिळतात तिथे, आडवा, खोलीभर. त्या छताखाली माझी दोन मुलं झोपतात. "एवढंही कळलं नाही?" असं विचारणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावं. आणि मी चौकशी न करता कुणाला घरात घेतलं नव्हतं. त्या कंत्राटदाराच्या आधीच्या कामांचे फोटो पाहिले, दोन घरमालकांशी फोनवर बोलले. ते घरमालक त्याचेच लोक असतील हे मला कसं सुचणार होतं?

मोफत तपासणी म्हणून आला. (मोफत तपासणी म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तपासणारा आणि दुरुस्तीचं काम घेणारा एकच असेल, तर रोग सापडणारच.) लेझरचं यंत्र छतावर फिरवलं, मान हलवली आणि म्हणाला, "ताई, पाया एका बाजूने खचतोय. थांबलात तर स्लॅब खाली येईल."

मग आम्ही जिना उतरून खाली आलो. हा क्षण मी रोज रात्री आठवते. तळमजल्याच्या तिन्ही खोल्या मीच त्याला दाखवल्या. एकाही भिंतीला तडा नव्हता. पाया तळमजल्याच्या खाली असतो. तो खचला तर खालच्या भिंती आधी बोलतील, की वरच्या खोलीचं छत? निघताना त्याने दार ओढलं आणि ते चौकटीत खट्कन नीट बसलं. मी तिथेच उभी होते. तो आवाज मी ऐकला. तरी त्याच संध्याकाळी 70 टक्के आगाऊ, म्हणजे 3,40,550 पाठवून दिले.

काम तीन दिवस चाललं. जोत्यालगत 38 भोकं पाडली, त्यांत सिमेंटचं पातळ पाणी ढकललं आणि वर पांढरा सिमेंट फासला. पाया पाहायला एक खड्डासुद्धा खणला नाही. छताला पुट्टी आणि रंग. चौथ्या दिवशी उरलेले 1,45,950 घेतले. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही तडे होते तिथेच परत आले. त्याचा फोन बंद.

मग 8,000 देऊन संरचना अभियंता बोलावला. हे आधी केलं असतं तर! सरळ तडा वायरिंगच्या पाइपाचा: पाइपावर गिलाव्याचा थर पातळ राहतो आणि तो त्याच रेषेत फाटतो. आडवा तडा गच्चीच्या स्लॅबचा. 10 मीटर लांबीच्या काँक्रीटच्या तापमानात 30 अंशांचा फरक पडला, की ते साधारण 3 मिलिमीटर वाढतं किंवा आखडतं. खालची भिंत तेवढी तापत नाही, म्हणून सांधा सुटतो. उपाय गच्चीवर होता आणि आम्ही पैसे जोत्यात ओतले.

पाया असमान खचतो तेव्हा काय दिसतं, तेही त्यांनीच दाखवलं. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेले तिरके तडे, विटांच्या सांध्यांतून पायरीपायरीने चढणारे, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक. दारं अडकतात, फरशीला उतार येतो. छतावरचा तडा थांबत नाही, भिंतीवर उतरून पुढे जातो. असं काही असेल तर एक दिवसही घालवू नका. स्लॅबला झोळ आला असेल, तड्यातून गंजाचे डाग उतरत असतील, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तरीही नाही; पण तो दोष बहुतेक वेळा आतल्या सळ्यांचा असतो, पायाचा नाही.

तक्रारीचं सांगते. पोलीस चौकीत अधिकारी म्हणाले, "काम तर झालंय ना? मग हा दिवाणी मामला." काम झालंय! घराला गरजच नव्हती असं काम! बँकेत उत्तर मिळालं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. बांधकाम खात्यात म्हणाले, खासगी दुरुस्ती आमच्याकडे येत नाही. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर कंत्राटदाराचा अहवाल मागितला, दिला, तर त्यावर अभियंत्याची सही कुठे आहे विचारलं. सही नाही हीच तर माझी तक्रार आहे, हे मी त्या खिडकीवर तीनदा सांगितलं. सात महिन्यांत अकरा फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक ठिकाणी माणूस आधी माझ्याकडे असा बघतो, की गुन्हा मीच केला आहे.

सहीशिवाय अहवाल घेऊ नका. पायावर काम करण्याआधी खड्डा खणून पाया दाखवा म्हणा. कुणी "आजच ठरवा" म्हणालं तर तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, तड्याला छेद देणारी काचेची पातळ पट्टी त्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवा आणि थांबा. तडा हलला तर काच फुटते.

मी पट्ट्या तळमजल्यावरही लावल्या आहेत, जिथे भिंत आणि जोतं मिळतं तिथे, पाच ठिकाणी. सहा महिने झाले. पाचही शाबूत आहेत.