पालेर्मो: उभ्याने खावं, मान वर करून पाहावं

बाल्लारो बाजारात सकाळी दहाच्या सुमारास पोचा आणि हॉटेलात नाश्ता करून जाऊ नका. सिसिलीच्या या राजधानीबद्दल मला सांगायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. या शहराचं उत्तम खाणं टेबल-खुर्चीवर मिळत नाही, ते गाडीपाशी, कागदात, उभ्या-उभ्या मिळतं.

पहिला मान पानेल्लेचा. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचं, त्यात पार्सली घालायची, थापून गार झालं की पातळ काप करून तळायचे. आपली पाटवडीच ही, फक्त तिखट आणि फोडणी नसलेली. तीळ लावलेल्या मऊ पावात पाच-सहा गरम काप घालतात, वर लिंबू पिळतात आणि हातात देतात. सोबत बटाट्याचे लांबट क्रोक्के मागून घ्या, ते त्याच पावात कोंबून खायची पद्धत आहे. कढई समोर चालू असेल तिथेच थांबा. आधीच तळून रचून ठेवलेले पानेल्ले चिवट लागतात.

आम्ही कॉलेजच्या मैत्रिणी. आमच्यातली एक पूर्ण शाकाहारी, एक काहीही खाणारी, एकीचे गुडघे दुखतात, आणि मी वास्तुरचनेचं काम करत असल्यामुळे सगळीकडे छताकडे बघत चालणारी. अशा चौघींना एकाच रस्त्यावर एकाच वेळी पोटभर खायला मिळणं ही परदेशात सोपी गोष्ट नसते. इथे ते सहज जमलं. काहीही खाणारीने वासराच्या प्लीहेचा पाव खाल्ला: प्लीहा आणि फुप्फुस आधी उकडतात, मग चरबीत परततात आणि वर हवं तर रिकोटा व किसलेलं काचोकव्हाल्लो चीज घालतात. संध्याकाळी कोळशावर भाजलेल्या कोकराच्या आतड्यांची स्तिग्योलाही तिने सोडली नाही. तिच्या मते प्लीहेचा पाव एकदा खावा, स्तिग्योला रोज.

शाकाहारी लोकांनी मात्र काही गोष्टी नीट लक्षात ठेवाव्यात, कारण नुसतं बघून कळत नाही. भाताचा तळलेला गोळा म्हणजे आरांचिना. त्यातली 'बुर्रो', म्हणजे लोण्याची, नावावरून निर्धोक वाटते, पण तिच्यात बहुतेक वेळा हॅम असतं. पालकाची मिळाली तर ती घ्या. स्फिंचोने हा जाड, कांदा-टोमॅटोचा पिझ्झा. त्यात अँचोव्ही मासा असतो. कान्नोलो म्हणजे रिकोटा भरलेली गोड नळी. तिच्या कुरकुरीत आवरणात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी घालतात, तिला 'स्त्रुत्तो' म्हणतात. हा एक शब्द पाठ करून जा आणि प्रत्येक मिठाईवाल्याला विचारा. कोणीही वाईट वाटून घेत नाही. कापोनाता मात्र बिनधास्त मागवा: तळलेलं वांगं, सेलरी, ऑलिव्ह, केपर्स, वर व्हिनेगर आणि साखर. गार खायचा पदार्थ आहे आणि दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो.

बसून जेवायचं म्हणाल तर क्वात्रो कान्ती चौकाजवळ पदार्थांचे फोटो लावून दारात बोलावणाऱ्या जागा टाळा. अशाच एका ठिकाणी आम्हाला मधे थंड राहिलेला पास्ता मिळाला. वर माणशी 'कोपेर्तो' लावलं. हा बसण्याचा आकार इटलीत रीतसर असतो, त्याबद्दल तक्रार नाही. त्या अन्नाबद्दल आहे.

आता बघायचं काय. काप्पेल्ला पालातिना बघितलं नाही तर पालेर्मोला जाऊच नका, इतक्या ठामपणे मी हे सांगते. अरबांनी ८३१ मध्ये हे शहर घेतलं, १०७२ मध्ये ते उत्तर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांकडे गेलं, आणि पुढे दुसऱ्या रॉजर राजाने आपल्या राजवाड्यात हे खासगी प्रार्थनामंदिर बांधलं. ११४० मध्ये ते पवित्र केलं गेलं. भिंतींवर आणि घुमटात सोनेरी बायझन्टाइन मोझेक, म्हणजे बारीक तुकडे जडवून केलेली चित्रं, आणि ग्रीक अक्षरं. आणि ख्रिस्ती राजाच्या या मंदिराच्या मुख्य दालनावर छत आहे ते अरबी धाटणीचं: लहान-लहान लाकडी कोनाडे एकाखाली एक उतरत आलेले, त्यांना मुकर्नस म्हणतात. प्रत्येक कोनाड्यात चित्र. पेले हातात घेतलेले लोक, वाद्यं वाजवणारे, उंट, बुद्धिबळ खेळणारे. खालून ही चित्रं ठिपक्यांएवढी दिसतात. आमच्या पक्षीवेड्या मैत्रिणीने दुर्बीण आणली होती, म्हणून ते बुद्धिबळ दिसलं. छोटी दुर्बीण जरूर न्या. ऑडिओ गाइडपेक्षा तिचा उपयोग जास्त. बाहेर भिंतीवर रॉजरच्या जलघड्याळाचा ११४२ चा शिलालेख आहे, लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांत. गर्दी त्याच्यापुढून सरळ निघून जाते, तुम्ही थांबा. रविवारी सकाळी प्रार्थना असते, वेळ बघून जा आणि खांदे झाकलेले असू द्या.

पियात्सा बेल्लिनी या चौकात मार्तोराना आणि तीन लाल घुमटांचं सान कातालदो ही दोन चर्चं शेजारी-शेजारी आहेत. आधी मार्तोराना बघा, तिथे ख्रिस्त स्वतः रॉजरला मुकुट घालतो आहे असं मोझेक आहे. सान कातालदो आतून रिकामं, नुसता दगड. एवढ्या सोन्यानंतर मला ते फार आवडलं. समोरच सान्ता कातेरिनाच्या मठात पूर्वी डॉमिनिकन पंथाच्या नन मिठाया करत. त्यांच्या कृतींची मिठाई आता तिथेच, आतल्या दुकानात मिळते. कान्नोलो तुमच्यासमोर भरून देतात आणि तो घेऊन संत्र्याच्या झाडांच्या अंगणात बसता येतं. एक दोघींना पुरतो. आधीच भरून काचेत ठेवलेला कान्नोलो कुठेही घेऊ नका, नळी मऊ पडलेली असते.

पियात्सा मारीनाच्या बागेत वडाच्या कुळातलं एक प्रचंड ऑस्ट्रेलियन झाड आहे, पारंब्यांचे खांब झालेलं. गुडघेवाल्या मैत्रिणीबरोबर तिथे निवांत बसलो. गल्ल्यांमधल्या गॅलऱ्यांत मात्र आपला चाफा! पालेर्मोचे लोक त्याला 'पोमेलिया' म्हणतात आणि शहराचं फूल मानतात. थंडीत कोंब करपू नयेत म्हणून फांद्यांच्या टोकांवर अंड्याची टरफलं घालायची त्यांची जुनी रीत आहे. आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलो, फुलं अजून होती, ऊन सोसवत होतं आणि समुद्रात उतरता येत होतं. जुलै-ऑगस्टमध्ये त्या दगडी रस्त्यांवर दुपारी चालणं कठीण, सोबत वयस्कर कोणी असेल तर नकोच.

शहराबाहेरच्या मोनरेआले गावाला बसने जा, टॅक्सीची गरज नाही. १२ व्या शतकातल्या त्या कॅथीड्रलमध्ये सहा हजार चौरस मीटरांहून जास्त मोझेक आहे. पण मला भावलं ते बाजूचं मठाचं अंगण: जोडीजोडीने उभे २२८ खांब, कित्येकांवर नक्षी आणि रंगीत जडाव, आणि खांबांच्या माथ्यावर कोरलेली वेगवेगळी दृश्यं. अंगणाचं तिकीट वेगळं लागतं, ते काढाच. मोन्देल्लोचा किनारा छान आहे, पण किनारे आपल्याकडेही आहेत. वेळ कमी असेल तर मोन्देल्लो सोडा, मोनरेआले सोडू नका, आणि परतीच्या दिवशी विमानतळाची ट्रेन पकडण्याआधी बाल्लारोत एक पाव-पानेल्ले बांधून घ्या.