प्रोसेसर ताणायचा का रॅम? बेळगावच्या उन्हापावसातला हिशेब

उद्यमबागेत मशीनच्या पार्टांची ड्रॉइंगं करतो म्हटल्यावर ओळखीतले लोक मला कंप्युटरचाही मिस्त्री समजतात. यंदा तिघांनी फिरवून फिरवून एकच प्रश्न विचारला. एक खानापूरचा भाचा. टिळकवाडीत खोली घेऊन इंजिनिअरिंग करतोय, अभ्यास कमी नि गेम जास्त. दुसरा निपाणीचा मित्र, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. तिसरे अथणीकडचे पाहुणे, त्यांच्या ऑफिसात घरांचे थ्रीडी रेंडर चालतात. प्रश्न असा: हातात आठ-दहा हजार जास्तीचे आहेत. ओव्हरक्लॉक होणारा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त ताणता येणारा प्रोसेसर, तसला बोर्ड आणि मोठा कूलर घ्यावा, का साधा प्रोसेसर घेऊन पैसे रॅममध्ये घालावेत?

घाईत असाल तर माझं मत इथेच घ्या. रॅमचं प्रोफाइल, म्हणजे पट्टीत भरून दिलेली वेगाची सेटिंग (एक्सएमपी किंवा एक्स्पो), चालू करा, प्रोसेसरचं व्होल्टेज वाढवण्याऐवजी थोडं उतरवा आणि उरलेले पैसे कॅबिनेटमध्ये हवा खेळवण्यावर घाला. हाताने घड्याळ, म्हणजे प्रोसेसरचा वेग, वाढवण्याचा खेळ हौसेचा आहे. हौसेला माझी ना नाही, मी स्वतः तो खेळलोय आणि तोंडावर पडलोय. ते पुढे येईलच.

प्रोसेसरमध्ये आता उरलंय किती?

ओव्हरक्लॉकिंगचा दरारा जुन्या दिवसांतला आहे. १९९८ चा सेलेरॉन ३०० ए हा प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा. बोर्डावरच्या बसचा (प्रोसेसर नि बोर्ड यांच्यातल्या वाटेचा) वेग ६६ वरून १०० वर नेला की तोच ४५० वर चालायचा. दीडपट वेग, तोही फुकट. २०११ चा इंटेल आय ५ २५०० के ३.३ गिगाहर्ट्झचा होता, आणि बऱ्या कूलरवर लोक तो ४.५ वर सहज चालवायचे. आज रायझन ५ ७६०० एक्स घ्या किंवा आय ५ १४६०० के, दोन्ही डब्यातून काढल्यावरच गरजेप्रमाणे ५.३ पर्यंत स्वतः चढतात. कंपन्यांनी रस आधीच काढून घेतलाय, आपल्या हाती चोथा राहिलाय. पाचसात टक्के मिळाले तर खूप झालं म्हणायचं.

आणि त्या पाचसात टक्क्यांची किंमत उष्णतेत मोजावी लागते. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढतेच, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.४ गिगाहर्ट्झ १.२५ व्होल्टवर चालतंय आणि तुम्हाला ४.७ हवेत, त्यासाठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले, असं धरा. वेग वाढला सात टक्के, वीज वाढली पंचवीस टक्के. लेथवर काम केलेल्याला हे वेगळं सांगायला नको. आरपीएम थोडा वाढवला की काम थोडंच लवकर होतं, टूल मात्र लवकर जळतं.

इंटेलच्या वाटेने जायचं तर नावात के असलेला प्रोसेसर लागतो आणि झेड मालिकेचा बोर्ड. बी ७६० बोर्डावर रॅम वाढवता येते, प्रोसेसर नाही. एच ६१० वर तर रॅमचंही काही करता येत नाही. म्हणजे जास्तीचे पैसे दोन ठिकाणी जातात, वर कूलर. १४६०० केचा कमाल आकडा १८१ वॉट आहे, तो कंपनीनेच दिलेला. त्यावर आणखी ताणायचं म्हणजे दोन-तीन हजारांच्या टॉवर कूलरवर भागत नाही. शिवाय १३ व्या आणि १४ व्या पिढीत व्होल्टेज जास्त जाऊन प्रोसेसर हळूहळू खराब होण्याची भानगड निघाली होती. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या आणल्या आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. या पिढीतला सेकंडहॅंड प्रोसेसर कुणी स्वस्तात देत असेल, तर आधीच्या मालकाने तो कसा वापरला हे विचारल्याशिवाय हात लावू नका. बायोस, म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्राम, अपडेट करायचा तो तर पहिल्याच दिवशी.

एएमडीकडे जवळजवळ प्रत्येक रायझन उघडा, म्हणजे ताणता येणारा असतो. बोर्ड मात्र बी ५५० किंवा बी ६५० तरी हवा. ए ५२० आणि ए ६२० वर रॅमचं प्रोफाइल चालतं, पण प्रोसेसरला हात लावता येत नाही. इथे एक गंमत आहे. हाताने सगळ्या कोअरना (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांना) एकच वेग बांधून दिला, तर एकट्या कोअरचा वरचा बूस्ट, म्हणजे आपणहून चढणारा वेग, जातो. माझा ५६०० एक्स एका कोअरवर ४.६ च्या वर जायचा. मी मोठ्या हौसेने सगळ्यांना ४.५ बांधले आणि सॉलिडवर्क्स या ड्रॉइंगच्या प्रोग्राममध्ये मॉडेल फिरवायला आधीपेक्षा जड वाटायला लागलं, कारण ते काम बरंचसं एकाच कोअरवर चालतं. शहाणपण सुचून ती सेटिंग काढली आणि कर्व्ह ऑप्टिमायझर वापरला. त्यात प्रत्येक कोअरला लागणारं व्होल्टेज थोडं थोडं उतरवायचं असतं. व्होल्टेज कमी म्हणजे उष्णता कमी, उष्णता कमी म्हणजे प्रोसेसर आपणहून जास्त वेळ वर राहतो. पंख्याचा आवाज उतरला, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा.

त्यातही खोच आहे. व्होल्टेज जास्तच उतरवलं तर मशीन भर कामात बंद पडत नाही. रिकामं बसलेलं असताना, रात्री दोनला, गपचूप रीस्टार्ट होतं. सिनेबेंच ही ताण देणारी टेस्ट अर्धा तास चालली म्हणून खूश होऊ नका. कोअरसायक्लरसारखा एकेक कोअर तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावा. सुरुवातीलाच कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये उणे ३० टाकणारे पुष्कळ भेटतात. मी उणे १० पासून सुरू करा म्हणतो.

रॅम: फुकटातली कमाई आधी

दुकानातून जोडून आणलेल्या मशीनमध्ये रॅमच्या पट्टीवर ३२०० लिहिलेलं असतं आणि ती धावत असते २१३३ किंवा २६६६ वर. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायचं कुणाच्या लक्षातच येत नाही. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, वेग तिथेच दिसतो. भाच्याच्या जुन्या मशीनमध्ये ५६०० जी होता, म्हणजे वेगळं ग्राफिक कार्ड नाही, आणि १६ जीबीची एकच पट्टी. असल्या मशीनमध्ये ग्राफिक्सही रॅमवरच जगतं. ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन पट्ट्या दोन चॅनेलमध्ये लावल्या की ५१.२. आठ-आठच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या, एक्सएमपी चालू केलं. "मामा, नवीन कार्ड टाकलं काय ओ?" असं त्याच्या रूममेटने मला विचारलं.

पट्टी घेताना नुसता मोठा आकडा बघू नका. शेजारी सीएल म्हणून दुसरा आकडा असतो. सीएलला २००० ने गुणायचं आणि वेगाने भागायचं, म्हणजे उशीर नॅनोसेकंदात कळतो. ३२०० सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल १८ म्हणजेही १०. डीडीआर ५ या नव्या पिढीच्या रॅममध्ये ६००० सीएल ३० म्हणजे परत १०, आणि ४८०० सीएल ४० म्हणजे साडेसोळाच्या वर. म्हणून डीडीआर ५ ची स्वस्त पट्टी घेऊन लोक म्हणतात, फरकच कळेना. रायझन ७००० साठी ६००० सीएल ३० च्या दोन पट्ट्या हा सरळ मार्ग. त्यापुढे पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही. चार पट्ट्या तर घालूच नका. त्या मालिकेत चार पट्ट्यांना कंपनीचा अधिकृत वेग ३६०० वर येतो. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन घ्या. आणि हो, एएम ५ बोर्डावर (रायझन ७००० ज्यावर बसतो तो) पहिल्यांदा एक्स्पो चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. बोर्ड पट्ट्यांशी जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबू नका.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की डीडीआर ४ चं चालतं मशीन मोडून नवीन घेणाऱ्याला मी दोनदा विचार करायला सांगतो.

एक्सएमपीच्या पुढे जाऊन टायमिंगं (सीएलसारखे उशिराचे आकडे) हाताने बसवणं, हा मात्र दुसरा खेळ. प्रोसेसर जास्त ताणला तर निदान निळी स्क्रीन येते, आरडाओरडा होतो. रॅम थोडीशी चुकली तर काहीच होत नाही. फाइल गुपचूप बिघडते. डीडीआर ५ च्या चिपमध्ये आतल्या आत चूक दुरुस्त करायची सोय असते, पण तिला सर्व्हरच्या ईसीसी (चुका पकडून दुरुस्त करणाऱ्या) रॅमची सर येत नाही.

आता माझी फजिती. जानेवारीतल्या एका रात्री, खिडकी उघडी, खोलीत १८ अंश, मी माझ्या पट्ट्या ३८०० वर नेल्या आणि रिफ्रेशची वेळ भरपूर ताणली. रॅमच्या पेशींतला चार्ज सतत गळत असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. भरण्याच्या दोन वेळांमधलं अंतर वाढवलं की वेग थोडा वाढतो. टेस्ट रात्रभर चालली, एक चूक नाही. तीन महिने मिरवलो. एप्रिलच्या एका दुपारी गिऱ्हाइकाची असेंब्ली फाइल उघडेना. आदल्या दिवशीची कॉपीही उघडेना. मेमटेस्ट ८६ ही रॅमची टेस्ट लावली तर चुकांच्या लाल ओळींचा पाऊस. तापमान वाढलं की चार्ज लवकर गळतो, आणि मी भरायची वेळ लांबवून बसलो होतो. जानेवारीत पट्टीचं तापमान चाळिशीच्या आत होतं, एप्रिलात ग्राफिक कार्डाची गरम हवा थेट तिच्यावर येऊन ते पन्नाशीच्या वर गेलेलं. चूक सर्वस्वी माझी. दोन दिवसांचं ड्रॉइंग परत केलं, नि पट्ट्या निमूटपणे ३६०० च्या प्रोफाइलवर आणल्या.

खोली कुठली आणि महिना कुठला

कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. खोलीच्या वर किती अंश, एवढंच तो ठरवतो. २० अंशांच्या खोलीत ७५ दाखवणारं मशीन ३५ अंशांच्या खोलीत ९० दाखवणार, थोडं जास्तच. म्हणून बंगळूरच्या एसी खोलीत कुणी केलेली सेटिंग आपल्याला जशीच्या तशी चालत नाही. बेळगाव शहर साडेसातशे मीटरवर, इथे निदान रात्री गार होतात. अथणीकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या ऑफिसात दुपारी बसून बघा. पाहुण्यांना मी ओव्हरक्लॉक सोडाच, उलट ७६०० एक्सला ६५ वॉटच्या इको मोडवर टाकायला सांगितलं. तो प्रोसेसर मूळचा १४२ वॉटपर्यंत जातो आणि ९५ अंशांना टेकून चालायलाच बनवलेला आहे. नाव ६५ चं असलं तरी इकोमध्ये तो ८८ वॉटवर थांबतो. रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, पण ऑफिसात माणसं बसू शकतात. प्रोसेसर जेवढे वॉट खातो, तेवढे तो खोलीत ओततो, हे लोक विसरतात.

खानापूर-जांबोटीकडचा प्रश्न उलटा. "मामा, पाण्याचा कूलर घेतला तर पावसाळ्यात त्याला घाम येतो म्हणे?" नाही येत. साधा लिक्विड कूलर खोलीपेक्षा गार होत नाही, मग त्यावर दव धरणार कसं? बर्फ किंवा पेल्टियर (विजेवर गार होणारी चकती) लावले तर गोष्ट वेगळी. दमट हवेने खरं नुकसान दुसरीकडे होतं. कूलरच्या पात्यांवरची धूळ ओली होऊन तिचा लगदा बसतो, आणि पंधरा-पंधरा दिवस बंद ठेवलेल्या मशीनमध्ये रॅमच्या सोनेरी टोकांवर थर धरतो. पट्टी काढून पेन्सिलीच्या रबराने टोकं हलकेच पुसली की बऱ्याचदा बंद मशीन चालू होतं. पावसाळ्यात रोज थोडा वेळ मशीन चालू ठेवा, तेवढी ऊब पुरते.

कूलरपुरतं बोलायचं तर मी टॉवरच घेईन. पंखा गेला तर खडेबाजारातून दुसरा आणून संध्याकाळी चालू. लिक्विड कूलरचा पंप गेला की पार्सल कुठेतरी जातं आणि तुम्ही वाट बघता. कॅबिनेटला पुढून जाळी हवी, काच नको.

वॉरंटीचं एवढंच: एक्सएमपी आणि एक्स्पोसुद्धा दोन्ही कंपन्या कागदावर ओव्हरक्लॉकिंगच समजतात.

निपाणीच्या मित्राला ओव्हरक्लॉकिंगची गरजच नव्हती. कॅमेऱ्यातून येणारं १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती असलेलं) फुटेज टाइमलाइनवर अडखळतं, त्याला घड्याळ वाढवून उपयोग नाही. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून प्रोसेसरमधलं ग्राफिक्स ते एचइव्हीसी (दाबून साठवलेलं) फुटेज स्वतः उलगडतं. नावात एफ असला की ते ग्राफिक्स नसतं, तेव्हा एफ नसलेला प्रोसेसर घे आणि उरलेल्या पैशांत रॅम, एवढंच त्याला सांगितलं.

भाच्याला मात्र ताणायचंच आहे, वय तसंच आहे. त्याला दोन अटी घातल्यात. जी सेटिंग ठेवायची ती एप्रिलच्या दुपारी तीनला, कॅबिनेट बंद करून आणि गेम चालू ठेवून तपासायची. आणि आधी यूपीएस बघायचा. त्याच्याकडचा ६०० व्हीए आहे, म्हणजे ३६० वॉट. ताणलेला प्रोसेसर, कार्ड आणि मॉनिटर मिळून तो आकडा ओलांडला, तर लाईट गेल्या क्षणी यूपीएस ओरडून बंद पडतो, नि पावसाळ्यात तिकडे लाईट किती वेळा जाते ते खानापूरच्या पोराला मी काय सांगू.